सव्वीस नंबर

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत,
दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत
शिशाचं दार ओढून मी दिवसभर
लोकांच्या तोंडातला काळोख मोजते.

भूपाल मगदूम, वय चोपन्न,
शिरोलीच्या फाउंड्रीत माल तपासतात.
वरची डावी दाढ, सव्वीस नंबर.
"दुखत न्हाई ताई. पर कायतरी हाय तिथं.
भाकरी ह्या अंगाला गेली की कळतंय."

आधी छोटा फोटो.
सेन्सर टाळूला टोचला, उमासा आला,
डोळ्यांतलं पाणी त्यांनी बाहीनं पुसलं.
"नाकानं श्वास घ्या," म्हटलं, आणि बटण.

स्क्रीनवर दोन मुळं नीट.
तिसरं, टाळूकडचं,
गालाच्या हाडाच्या पांढऱ्यात बुडालेलं,
वरून सायनसची रेघ आडवी गेलेली;
शाळेच्या ग्रुप फोटोत
मागच्या रांगेतल्या पोराचे नुसते केस दिसावेत
तसं.

हाड आतून बरंच पोखरतं,
कवचाला भिडतं,
तेव्हा कुठं असल्या फोटोत काळं उमटतं.
तोवर रोग असतो, फक्त फोटोत नसतो.
हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.
मी वहीतही लिहून घेतलं होतं.

मग ओपीजी.
हनुवटी टेकवून, दांडी चावून उभे राहिले,
आणि यंत्र डोक्याभोवती फिरलं
रंकाळ्याला फेरी मारणाऱ्या रिटायर माणसासारखं,
ना घाई, ना थांबा.
अख्खा जबडा उलगडून आला:
एकोणतीस दात, दोन्ही सांधे,
मध्येच मणक्याचा धुरकट पट्टा.
सगळं गाव दिसलं,
हवी ती खिडकी तेवढी दिसेना.
सव्वीसवर जरा करडं. असेल. नसेलही.

"आमच्यात बी फोटो काढत्यात, कास्टिंगचा,"
ते माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले.
"ब्लोहोल कातडीखाली असतंय. वरनं माल चकाचक.
मशिनिंगला गेला की उघडं पडतंय,
आन् अख्खा लॉट माघारी."

तिसऱ्या फोटोचे पैसे सांगितले.
ते थोडा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.
हा सगळ्यांचा काढत नाही आम्ही,
किरण फुकट नसतात, कुठल्याच अर्थानं.
पण डॉक्टरांची चिठ्ठी होती.

सीबीसीटी. माऊसनं एकेक काप सरकवत गेले,
हाडाचा, मुळाचा, पुन्हा हाडाचा,
शेजारच्या जुन्या टोपीतला धातू
पांढऱ्या चिरा उधळत होता,
त्यातली एक मला भेग वाटली, नव्हती.
आणखी दोन काप.
टाळूकडच्या मुळाच्या टोकाशी
तुरीच्या दाण्याएवढं काळं,
वर सायनसचा तळ
पोळीच्या पापुद्र्यासारखा उचललेला.

नाव टाकून सेव्ह करायला गेले
तर फोल्डर आधीचंच निघालं.
चार वर्षांपूर्वीचा छोटा फोटो, हीच दाढ.
शेरा: विशेष काही नाही.
टाईप कुणी केलं ते तिथं लिहिलेलं नसतं.
तेव्हा या खोलीत मीच होते.

डॉक्टर आले, आरशाच्या दांड्यानं
चोवीस, पंचवीस, सव्वीस ठोकत गेले.
मगदूमांनी डोळे मिटले होते;
गेली तीस वर्षं हातोडी मारून
लोखंड ऐकत असतील तसेच.
"ह्यो. ह्येचा आवाज बसका हाय."

रूट कॅनाल सोमवारी ठरलं.
मी त्यांना काही बोलले नाही.
त्या दिवसापासून शेऱ्यात लिहिते,
'या फोटोत दिसलं नाही.'
डॉक्टर म्हणतात, केवढं लांबण.

जाताना दारातून परत फिरले,
"त्या काळ्या ठिपक्याची एक कॉपी द्या की.
पोरांस्नी दाखवतो, शिफ्टला."