बरी आसां

सत्यवतीला ताप दुसऱ्यांदा आला
तेव्हा काजूचा हंगाम अर्ध्यावर होता.
पहिला ताप उतरला तशी ती बागायतीत परतली होती,
पायावरच्या गोचिडी नखाने काढत.
मेलेलं माकड दिसलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं.
फोनवर म्हणाली: बरी आसां.

आता बांबोळीच्या खाटेवर
ती पाण्याला मीठ म्हणते
आणि मला बापाच्या नावाने हाक मारते.

मी तिचा धाकटा. याच इस्पितळाच्या मागच्या इमारतीत
काचेच्या पट्ट्यांवर पेशी रंगवतो.
माझ्याकडे शब्द आहे: केमोकाईन.
तो मी खिशातच ठेवला.

पण भावजी विचारतात, डोक्यात नेमकं चाललंय काय?
सांगतो, भट्टीवर भाण चढलं की
आपण कुणाला बोलवायला जातो?
वास जिकडे दाट तिकडे माणसं वळतात,
काळोखात, बॅटरीशिवाय, बांधाबांधाने.
तसंच हे. दुखावलेली पेशी वास सोडते.
रक्तातले पहारेकरी त्या मागावर येतात,
भिंतीला चिकटतात, फटीतून आत सरकतात.
"मग बरंच की."
बरंच. पण भट्टीवर दहा आले तर गजाली,
दोनशे आले तर
माटव मोडतो.

एक गोष्ट मात्र सांगत नाही.
मज्जापेशी एक रेणू अंगावर बांधून ठेवते,
देठाला बोंडू लटकावा तसा,
आणि तो शेजारच्या राखणदारांना सांगत राहतो,
बरी आसां, बरी आसां, निजा तुम्ही.
ते हात आवरून बसतात.
मग कधीतरी देठ कापला जातो.
तोच रेणू, एक अणू इकडचा तिकडे नाही वाटावं इतका तोच,
सुटा झाला की
हाक होतो.

पहाटे तीनला सिस्टर एर्मेलिंडा सलाईन बदलते,
बोटं धरून विचारते, किती?
सत्यवती बोटं बघते, खिडकी बघते,
म्हणते, भाण उतरवलं कोणी?
आणि मग माझ्याकडे वळून,
माझ्याच नावाने, स्वच्छ:
रोहिदास, बरी आसां हांव.

इतकी वर्षं या एवढ्याशा शब्दांवर
मी निजत आलो.

खुर्ची खाटेजवळ ओढतो.
तिचा एक पाय आखूड आहे,
हललं की वाजते.
मी हलत नाही.