दुसरा कान

पुन्ता अरेनासमध्ये केस सोडून चेहरा झाकता येत नाही.
इथला वारा कोपऱ्याकोपऱ्यावर दबा धरून बसतो.
नगरपालिकेने चौकात दोर बांधलेत,
आणि दोन्ही हातांनी दोर धरला
की गालावरची बट धरायला हात उरत नाही.
चष्म्याच्या दुकानात मुलाखतीला मी पोचले
ती अशी, सगळी उघडी.

डावा कान मला आलाच नाही.
त्या जागी शेंगदाण्याएवढी कातडीची गाठ,
खाली जबडा, काम अर्ध्यात टाकून गेलेल्या सुताराने केल्यासारखा.
सातव्या वर्षी चष्मा लागला तेव्हा
बाबांनी खेकड्यांच्या जाळ्याचा दोरा काढला,
काडीला बांधून केसांच्या चापात अडकवला.
तो चष्मा मी रोज स्वतः वाकवून बसवायचे.
अर्जात लिहिलं होतं : अनुभव, एकोणीस वर्षं.

आठवडाभर एक वाक्य घोकलं :
"माझा चेहरा जन्मापासून असा आहे, दुखत नाही,
उजवीकडून बोललात तर नीट ऐकू येतं.
काही विचारायचं तर विचारा, मग कामाचं बोलू."
भाऊ मिर्को टाय लावून साहेब झाला.
पहिल्यांदा मी ते माफी मागितल्यासारखं म्हटलं,
दुसऱ्यांदा भांडल्यासारखं.
अकराव्यांदा तो म्हणाला,
"हां यास्ना, आता हवामान सांगितल्यासारखं सांगतेस."

आधीच्या दोन ठिकाणी हे वाक्य नव्हतं.
हॉटेलातल्या बाई पूर्ण वेळ माझ्या अर्जाशी बोलल्या.
बँकेत म्हणाले, आत फायलींचं काम आहे,
तिथे कोणी येत नाही, तुम्हाला बरं पडेल.
लोक सांगतात,
एका कानाने ऐकावं, दुसऱ्याने सोडून द्यावं.
सोडून द्यायला मला दुसरा नाही.
आत गेलेलं आतच राहतं.
"तुम्हाला बरं पडेल" अजून आहे.

दुकानात आरसेच आरसे.
दोन्ही भिंतींवर मी, काउंटरवरच्या गोल आरशात मी,
एवढ्या उमेदवार आणि जागा एक.

सेन्योर ओयार्सून यांची नजर माझ्या गालावर बसली,
दचकून उठली,
लहान मुलांच्या फ्रेमांवर जाऊन टेकली.
मी वाक्य म्हटलं. आज ढगाळ, दुपारनंतर वारा.
ते उठले, खुर्ची उचलून माझ्या उजवीकडे आले,
आणि म्हणाले,
"वयस्कर गिऱ्हाईक. दूरचं-जवळचं एकाच काचेत.
तिसऱ्या दिवशी परत येतं, जिन्यावर पाय चुकतो म्हणतं.
आधी काय तपासाल?"

मला येईना.
अकरा तालमी केल्या त्या चेहऱ्याच्या.
"काड्या," मी म्हणाले, "काड्या वाकल्यात का ते."
"पुढे?"
"पुढे… नाही येत."
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं.

कानशिलं तापली. घाम फुटला.
आणि त्या घामातच लक्षात आलं,
ही शरम माझ्या ओळखीची नाही.
ही अभ्यास न केल्याची,
दोन्ही कान धड असणाऱ्यांनाही येणारी,
रात्री पुस्तक उघडलं की जाणारी.
हसूच येत होतं. जबडा एका बाजूनेच हसतो,
तेवढं हसले.

"बुधवारी कळवतो," ते म्हणाले.
बुधवारी कळवतो म्हणजे काय, ते मला कळतं.
दारातून परत फिरले, विचारलं, उत्तर काय होतं?
"बुबुळाची उंची," चष्मा पुसत ते म्हणाले.
"काचेवर खूण दोन मिलिमीटर चुकली
की माणसाचा जिना हलतो."

बाहेर दोर तसाच थरथरत होता.
खिशात फोन वाजला, मिर्को.
"काय म्हणाले? चेहऱ्याचं काय म्हणाले?"
वाऱ्यात मी ओरडले, "बुबुळाची उंची!"
"काय?"
"दोन मिलिमीटर!"
त्याला काहीच कळलं नाही.
मी एका हाताने दोर सोडला,
फोन उजव्या कानाला घट्ट लावला,
आणि बट उडत होती ती उडू दिली.