मादीचा रकाना

पोस्टातून सुटून इडवलला अकरा वर्षं झाली,
पाय मात्र अजून साडेपाचलाच जागे होतात.
दात घासायच्या आधी तो दिव्याच्या खिडकीपाशी जातो.
काचेवर बाहेरून चिकटलेला एक पतंग,
राखी-तपकिरी, पंख एकावर एक चढवलेले,
थंडीत शालीचं एक टोक दुसऱ्यावर ओढून घ्यावं तसे.

"हा मार्चचा. खात्री करायची तर ही घडी बघ.
याचे भाईबंद पंख पसरून बसतात,
हा इतका अरुंद होतो की काडीच वाटावी.
ही पांढरट नागमोडी रेघ. टोकाशी हा काळा फराटा."
मी भिंग लावते. आधी नुसती धूळ दिसते,
मग धुळीत रेघ,
मग रेघेशिवाय काहीच दिसत नाही.

मी कार्डिफहून आलेली, जंगलमोजणीच्या कामावर,
त्याच्या माळ्यावरच्या खोलीत दोन महिने.
वेल्श मला येते, पण झाडांची नावं येत नाहीत.
तो वहीत लिहितो: चार मार्च. नर, तीन. वारा नाही.

जुन्या वह्या हेलेदच्या अक्षरातल्या.
तिने पाडलेले दोन रकाने, नर आणि मादी,
तो अजूनही पट्टी घेऊन तसेच पाडतो.
ती गेल्यापासून सहा मार्च झाले,
मादीच्या रकान्यात एकही आकडा नाही.
"कमी झाल्या असतील. हवा बदलली," तो म्हणतो,
आणि किटली उगाच पुन्हा गॅसवर ठेवतो.

दुपारी मी मागची पानं चाळते.
समासात बारीक पेन्सिलीने, दर वर्षी:
ओढ्याकाठचा तिसरा ओक. खोड. रात्री नऊ.
खिडकीचा उल्लेख कुठेच नाही.

मादीला पंख नसतात.
हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.
"पत्ता पाठ होता गं," तो म्हणाला,
"त्या दारात कधी गेलो नाही, एवढंच."

रात्री आम्ही निघालो. दोन बॅटऱ्या, त्याचा दुखरा गुडघा,
पानगळीचा ओला थर, त्यात बूट रुतण्याचा आवाज.
पहिल्या ओकवर गोगलगाय. दुसऱ्यावर काही नाही.
तिसऱ्यावर दगडफुलाच्या पांढऱ्या ठिगळाशेजारी
काहीतरी चालत होतं, तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं,
सहा पाय, फुगीर पोट, शेपटाशी केसांचा झुपका.
मी आधी कोळी म्हणाले.
"पाय मोज," तो म्हणाला, पोस्टमनच्या आवाजात.

गेल्या जूनमध्ये ती धाग्याला लटकून खाली आली असेल,
हिरवी अळी, अंगावर फिकट रेघा,
मापाड्यासारखी वीत टाकत चालणारी,
पोटाखाली मात्र पायांची एक जास्तीची जोडी,
अर्धवट, न वापरता ठेवलेली.
ओळख पटवायला तेवढीच खूण पुरते, हेलेदने लिहिलंय.
मग मातीत कोष. वरून उन्हाळा गेला,
शाळेची मुलं गेली, मेंढ्या गेल्या, बर्फ येऊन गेलं,
आणि मग एका रात्री ती उठली आणि चढायला लागली.
आता वर कुठल्यातरी बारीक फांदीला
ती अंड्यांचं कडं घालील, ओळीला ओळ लावून,
आणि त्यावर पसरील शेपटाचीच लव.
बोडकी होईल. मग तिचं काही उरणार नाही.
एप्रिलात कळ्या फुटतील तेव्हा
पानाइतक्याच कोवळ्या तोंडांनी ते पान खाल्लं जाईल.

इतकं सगळं तो बोलला नाही. बरंचसं मी वहीत वाचलं.
तो फक्त बॅटरी खाली धरून उभा होता,
तिच्या डोळ्यांवर प्रकाश पडू नये म्हणून.
तेवढ्यात एक नर कुठूनसा आला,
खिडकीकडे न जाता
खोडावर, तिच्यापासून बोटभर अंतरावर उतरला.

इडवलने खिशातून वही काढली.
थंडीने पेन उमटेना. त्याने निबावर फुंकर घातली,
पुन्हा घातली, बाहीला घासलं.
"तू लिही," म्हणाला. मी पेन्सिल शोधू लागले.
ती तोवर बॅटरीच्या उजेडाबाहेर चढून गेली होती.