गुरुवारी, गळ्यापर्यंत

सातव्या वर्षी, हुसाविकच्या तलावात पोहायला शिकताना
स्वानहिल्ड शिट्टी वाजायच्या आधीच उडी मारायची.
ओद्नी पाण्याला विचारून पाऊल टाकायची.
मी काठावरून दोघींना बघत राहायचे,
कुणाचं बरोबर ते ठरेपर्यंत.

पंधराव्या वर्षी आम्ही एकीच्या तीन झालो.
तीच झुलपं, तोच शहाणा कंटाळा;
बाई हजेरीला चुकायच्या.

मग मधली वर्षं. तेव्हा कुणी म्हटलं नसतं
की या एका गावच्या.
स्वानहिल्डने नवरा सोडला, बोट घेतली,
बोट बुडाली तेव्हा दुसरी घेतली.
ओद्नी बँकेत, एकाच खिडकीमागे तीस वर्षं,
ओठ न हलवता नोटा मोजत.
आणि मी? माझं ठरायचं होतं.

आता एक्याऐंशी.
गंधकाच्या वासात गळ्यापर्यंत बुडालेली
तीन पांढरी डोकी, बाहेर उणे अकरा.
टॉवेल देणारी नवी पोरगी विचारते,
तुम्ही सख्ख्या बहिणी का?

स्वानहिल्ड हल्ली पायऱ्या मोजून उतरते,
कठडा काही सोडत नाही.
आणि ओद्नी, गेल्या गुरुवारी,
बोलता बोलता उठली, अनवाणी चालत गेली
आणि बर्फात उताणी पडली,
लहान पोरांसारखे हात पसरून.

"वेड लागलंय हिला," स्वानहिल्ड म्हणाली,
थेट ओद्नीच्या जुन्या आवाजात.

मी बोटातली अंगठी काढली,
काठावर ठेवली.
जरा वेळाने पुन्हा घातली.