कोरं बोट

त्या दिवशी मी हिवरधऱ्याच्या शाळेत होतो,
मतदान अधिकारी क्रमांक दोन,
म्हणजे शाईवाला.
चारशे बारा बोटं धरली सकाळपासून.
हळदीची, तंबाखूची, बोंडांनी ओरखडलेली.
एकाचं बोट नव्हतंच, थ्रेशरनं नेलेलं.
शेजारच्या बोटाला शाई लावली
तर म्हणतो कसा, "हा बी उमेदवारच हाय जी, बिनविरोध."

तिथून एकवीस किलोमीटरवर माझं गाव.
तिथंही त्याच वेळी मतदान,
वॉर्ड तीन, खोली नंबर एक,
यादीत माझं नाव दोनशे सहाव्या ओळीवर.
त्या ओळीसमोर कोणीच सही केली नाही.

तिसऱ्या दिवशी तहसीलच्या गोदामात मोजणी.
तुरीच्या रिकाम्या पोत्यांचा वास, पंखा बंद,
आणि टेबलावरून आवाज आला:
बेबीबाई भोयर, कपबशी, एकशे सत्त्याऐंशी.
दुर्पता कुमरे, शिवणयंत्र, एकशे सत्त्याऐंशी.
नोटा, चार.
साहेबांनी पुन्हा बटण दाबायला लावलं.
मशीनला काय, ते तेच बोललं.

मग ईश्वरचिठ्ठी.
चिठ्ठ्या टाकायला भांडं सापडेना,
तेव्हा सकाळी पोहे आलेला स्टीलचा डबा पुसून घेतला.
चहावाल्याची सहा वर्षांची खुशाली, नाकात शेंबूड,
तिला स्टुलावर उभं केलं, डोळे मिटायला सांगितलं.
तिनं मिटले, एक किलकिला ठेवून.
पण वाचता कुठं येत होतं तिला?
चिठ्ठीला मोहरीचा एक दाणा चिकटून आला.
कपबशी.

बाहेर डीजे एकच होता.
दोन्ही घरून ॲडव्हान्स घेऊन बसलेला.
त्यानं दुर्पताबाईच्या नवऱ्याला
पाचशे परत केले, बाकीचे म्हणे डिझेलात गेले,
आणि ट्रॅक्टर वळवला बेबीबाईच्या गल्लीकडे.
गुलाल पार हापशीच्या दांड्यावर.
पुढं आठवडाभर पाणी भरणारीचे तळवे लाल,
जिंकलेल्या घरचे आणि हरलेल्याही.

नोटावाले चौघं कोण, कोणी विचारलं नाही.
मला मात्र सगळे.
पानठेल्यावर, दाढी करताना अर्धा गाल साबणाचा असताना,
तेरवीच्या पंगतीत, वरण वाढता वाढता:
"मास्तर, तुम्ही असते तं कोनाले देल्लं असतं?"
मी म्हणायचो, ड्युटी होती.
"ते हाय. पन असते तं?"
बोलता बोलता त्यांची नजर माझ्या बोटावर.
इतरांची शाई नखाबरोबर वर सरकत गेली,
पोळ्यापर्यंत कापूनही झाली.
माझं बोट पहिल्या दिवसापासून कोरं,
चोरी केल्यासारखं मी ते मुठीत ठेवायला लागलो.

बेबीबाईनं पेढे पाठवले, पावशेर,
आणि निरोप: "मास्तर आपलेच."
बायकोनं डबा घेतला, मी काही बोललो नाही.
त्यावरून घरात जे झालं ते इथं नको.

विचारलं नाही ते फक्त दुर्पताबाईनं.
स्वातंत्र्यदिनाआधी शर्ट टाकायला गेलो तिच्याकडे.
ओसरीत मशीन, पायाशी चिंध्या,
भिंतीवर तिचंच पोस्टर, उलटं लावलेलं,
कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं गावाची मापं.
तिनं टेप गळ्यातून काढला.
छाती, खांदा, बाही.
मी कोणाला दिलं असतं ते मला ठाऊक आहे.
ते तिला सांगावं, असं त्या क्षणी फार वाटलं,
म्हणजे तिला बरं वाटेल, की मला, कोण जाणे.
"दुर्पताबाई," मी म्हणालो.

पेन्सिल दातात धरून ती टेपाचा आकडा बघत होती.
"श्वास सोडा, मास्तर.
पोट आत घेतलं का माप खोटं येते."