एक पूर्णांक शून्य पाच

पहाटे तीन चाळीसला नमुना आला,
रबरी पिशवीत, तान्ह्या पोरासारखा सांभाळून आणलेला,
सातशे मीटर खालून, बंद भिंतीच्या पलीकडून,
जिथे कोळसा आठ दिवस स्वतःशीच धुमसतोय.

यंत्राने कागदावर सुळके काढले.
मिथेन: तीन पूर्णांक चार. पाचच्या आत.
हायड्रोजन: शून्य पूर्णांक नऊ. चारच्या पुष्कळ आत.
कार्बन मोनॉक्साइड चिमूटभर, इथेन त्याहून कमी.
चौघेही आपापल्या उंबरठ्याच्या आत,
साळसूद, हाताची घडी घालून.

एर्विन फोनवर म्हणाला, "मग झालं तर!
मिथेन साडेतीनसुद्धा नाही. माझी माणसं
दुसरी भिंत चढवतायत, ओतिलिया बाई,
दोन तासांचं काम उरलंय."

थांब, म्हटलं. मला भागाकार करू दे.

ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या मर्यादेने भागायचं
आणि आलेले तुकडे शेजारी शेजारी मांडायचे.
शंभरातले अडुसष्ट.
मग साडेबावीस.
मग जेमतेम पाच. मग दहा.
पेन्सिलीचं टोक मोडलं. दुसरी घेतली, पुन्हा मांडलं.
शंभर ओलांडून पाच.

एकेकटा कुणीच गुन्हेगार नाही.
गुन्हा बेरजेत आहे.

बाबा दिव्याची वात बारीक करत
आणि ज्योतीवर चढलेली निळी टोपी
करंगळीच्या नखाने मोजत.
त्यांना एकाच वायूचं नाव ठाऊक होतं.
तेही खाणीत गेले नाहीत,
छातीत धूळ साठवून
रिब्निकच्या घरी, खिडकीपाशी गेले.

बाहेर हवेचा दाब उतरत होता.
दाब उतरला की बंद भिंत श्वास सोडते,
हे एर्विनला माझ्याहून जास्त माहीत.
"माणसं वर काढ."
फोनमध्ये आधी काहीच नाही.
मग एक शिवी, आमच्या सिलेशियन बोलीतली, जुनी.
मग लांबवर घंटा.

अकरा जण वर आले. काळे, वैतागलेले.
एकाला कबुतरांना दाणे टाकायची घाई,
ह्युबर्टचा डबा खालीच राहिलेला.

स्फोट?
झाला नाही.
गुरुवारी नायट्रोजन सोडला, रविवारपर्यंत आकडे उतरले.
अहवालात लिहिलं: एक पाळी वाया.
वाचलेल्यांसाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता.
कदाचित ठिणगी पडलीच नसती.
कदाचित माझी पाळी खरंच वाया गेली असेल.
हे कधीच कळणार नाही,
आणि मला ते न कळणंच हवंय.

ह्युबर्ट अजूनही बाजारात अडवतो:
"बाई, माझ्या डब्याचं काय?
राईचा पाव होता, चरबी लावलेला, वर काकडी.
बायकोने पहाटे उठून केलेला."
दरवेळी काकडी थोडी मोठी होत जाते.
मी पिशवी खाली ठेवते
आणि त्याची तक्रार संपेपर्यंत
थंडीत उभी राहते.