ओहोटी तेवढी शाबूत

हलच्या धक्क्यावर वारा असा
की थर्कल जाताना एका अंगाला कलतो
आणि चिप्स घेऊन परतताना दुसऱ्या.
माणूस तोच, कोट तोच.
मी खिडकीतून बघते. माझ्या पडद्यावरही
एक रेघ तशीच कललेली.

फोल्डरांना नावं मी मराठीत दिली होती, रोमन अक्षरांत:
भरती, ओहोटी, नोंदी, तारीख.
हंबरच्या पाण्याचं मोजमाप, दर सहा मिनिटांनी.
मधल्या रेघा विंडोजच्या, मागे रेललेल्या.
संध्याकाळी चालवून पाहिलं तर
नोंदीतला एन रेघेला चिकटून नवी ओळच झाला,
उरलं
ओंदी.
तारखेचा टी विरघळला मोकळ्या जागेत:
          आरीख.
भरतीतला बी मागे सरकला, तिची झाली हरती.
ओहोटी तेवढी शाबूत.

अशी फाइल सापडत नाही, म्हणाला संगणक,
आणि त्याचं बरोबरच होतं.

मग प्रत्येक रेघ दोनदा लिहिली.
लॅपटॉपवर सगळं सुरळीत. घरी गेले
थर्कलने दाखवलेल्या टेनफुटातून,
म्हणजे घरांच्या पाठीमागची दहा फुटी बोळ,
जिला नकाशात नाव नाही
आणि जी सगळ्यांना ठाऊक आहे.

रात्री तोच कोड सर्व्हरवर गेला. तिथे लिनक्स.
त्याला पुढे झुकलेली रेघ तेवढी वाट वाटते,
मागे रेललेली म्हणजे नुसतं एक अक्षर, चारचौघांसारखं.
कुरकुर नाही, चूक दाखवणं नाही.
डी ड्राइव्हपासून तारखेपर्यंतचा अख्खा पत्ता
त्याने नाव म्हणून लिहून घेतला
आणि त्या लांबलचक नावाची एकच फाइल
उंबऱ्यातच ठेवून दिली.

सकाळी थर्कल हसून हसून बेजार.
पत्ता कधी कुणाचं नाव असतो का?
मी म्हटलं, माझ्या गळ्यातलं कार्ड वाच.
हर्णैकर.
दोनदा वाचलं त्याने, दोन्ही वेळा वेगळं.
कुठेशी आलं हे?
समुद्रावर. तिथेही भरती येते.
तू किती वर्षं होतीस तिथे?
मी नाही. बाबाही नाहीत. आजोबा एकदा जत्रेला गेले होते म्हणतात.

रेघा फिरवल्या सगळ्या.
पुढे झुकलेली विंडोजलाही चालते,
त्याने हे आधी कधी सांगितलं नव्हतं इतकंच.
ती फाइल पुसायची तर नाव अवतरणात गुंडाळावं लागतं.
दुपारपर्यंत राहू दिली तिला,
डी नावाचं काहीच नसलेल्या त्या यंत्रात,
आपला पत्ता अंगावर घेऊन.